रणातला पिशवीवाला

सीएसएमटी ते कर्जत हे रेल्वेचं अंतर शंभर किलोमीटर. ते पळत कापायचं आणि कर्जतला पोचल्यावर वडापाव खायला आणखी एक किलोमीटर पुढे जायचं, की झाली १०१ किलोमीटरची अल्ट्रामॅरेथॉन. बदलापूरकराला कुठलंही अंतर असंच समजावून सांगावं लागतं. आमचं स्टेशन सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. म्हणजे बसायला मिळालं तर अडुसष्ट. दारात लटकून गेलं तर बरंच जास्त. शास्त्रात म्हणाल, तर मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे पाऊल पडलं की अल्ट्रा सुरू. शर्यत संपल्यावर केळं घ्यायला चार पावलं पुढे गेलेला माणूसही या हिशेबाने अल्ट्रावालाच.

मी पळत नाही. माझं आजवरचं सगळं पळणं प्लॅटफॉर्मवर, सुटलेल्या गाडीच्या मागे झालं आहे आणि त्याचं मेडल कोणी दिलेलं नाही. पण अशा शर्यतींना न पळणारा एक माणूस लागतोच. पिशव्या, मोबाइल, पाकीट, सुके मोजे आणि केळी त्याच्याकडे ठेवायची असतात. परदेशात त्याला क्रू म्हणतात. आमचे शेठ 'आपला माणूस' म्हणतात. कच्छच्या रणात मी याच हुद्द्यावर गेलो होतो, आणि अल्ट्रामॅरेथॉन अनुभवायची खरी जागा हीच, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेठ उल्हासनगरचे, कॅम्प नंबर चार. जीन्सचा धंदा. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. पण शेठना किरकोळीत काही जमत नाही, जे करायचं ते होलसेल. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, चालण्याचं पळणं झालं, बदलापूरहून कधी बारवी धरणाच्या रस्त्याने, कधी कोंडेश्वराला वळसा घालून येणं झालं, आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "भाऊ, रण में जाने का."

धोळावीराच्या परिसरात 'रन द रण' नावाची शर्यत भरायची. सुरुवात २०१४ ची. अंतरं १०१ आणि १६१ किलोमीटर. १६१ चा उलगडा होतो; ते शंभर मैल. (आमच्या मापात तळेगावच्या आसपास.) पण १०१ हा आकडा काही क्रीडाशास्त्रातला नव्हे. तो आहेराच्या पाकिटातला आहे. शंभर किलोमीटर पळून झालेल्या माणसाकडून वर शुभाचा एक वसूल करायचा, ही कल्पना आपल्या देशाबाहेर सुचणं कठीण. शेठनी अर्थातच १०१ निवडलं.

घरी आधी अम्मांना सांगणं भाग होतं. अम्मा म्हणजे शेठची आई. वय ऐंशीच्या घरात, पण कपाटाच्या किल्ल्या अजून कमरेला. शेठनी शर्यत काय, रण कसलं, फी किती हे सगळं सांगितलं. अम्मांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो लोग तेरे को कितना देंगे?"

"देंगे नहीं अम्मा, हमने भरा है."

१९४७ साली अम्मा सात-आठ वर्षांच्या होत्या. सिंधमधल्या हैदराबादेहून निघालेलं कुटुंब मीरपूरखास, मुनाबाव करत गाडीच्या डब्यात ठासून भरून थरच्या वाळवंटातून मारवाडात उतरलं आणि फिरत फिरत कल्याणला आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी रिकाम्या होत्या, तिथे लाखभर माणसं वसवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच मात्र तसेच राहिले; आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगितला नाही, तर तो मीटरकडे न बघता आपल्याकडे बघतो.

तर अम्मा म्हणाल्या, "हम लोग रेगिस्तान से आये तब सरकार ने राशन दिया था. तू उलटा पैसा भर के जाता है?"

याच्यावर शेठकडे उत्तर नव्हतं. धावण्याच्या पुस्तकांत निर्धार, सहनशक्ती, स्वतःचा शोध वगैरे प्रकरणं असतात. निर्वासित आईने विचारलेल्या या प्रश्नावर एकही प्रकरण नाही.

आमच्या घरचा विरोध वेगळ्या अंगाने आला. आमच्या हिने मोबाइलवर वाळवंटातल्या शर्यती शोधल्या आणि तिला मोरोक्कोतली 'मॅरेथॉन दे साब्ल' सापडली. पॅट्रिक बाउअर नावाचा फ्रेंच गृहस्थ १९८४ मध्ये एकटाच सहारात सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालला, आणि हे सुख आपल्या एकट्यालाच का, म्हणून त्याने १९८६ पासून ही अडीचशेएक किलोमीटरची शर्यत सुरू केली. इथपर्यंत ठीक होतं. पण तिला १९९४ सालही सापडलं. त्या वर्षी मॉरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात रस्ता चुकला, वटवाघळांचं रक्त पिऊन तग धरून राहिला आणि नऊ-दहा दिवसांनी शेजारच्या अल्जीरियात सापडला. मी म्हटलं, "अगं, पण मी पळणार नाहीये, पिशव्या धरणार आहे." ती म्हणाली, "त्याचा पिशव्या धरणारा कुठे गेला, ते कुठेच लिहिलेलं नाही." प्रॉस्पेरी पुढे त्याच शर्यतीत पुन्हा पळायला गेला, हे मी तिला सांगितलं नाही.

वाळवंट म्हणजे वाळू, म्हणून शेठना वाळूत सराव करायचा होता. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या तीन गावांत वाळू एकाच ठिकाणी मिळते, बांधकामावर. त्या बाबतीत बदलापूर समृद्ध. कात्रप, मांजर्ली, बेलवली, शिरगाव, कुठेही जा, इमारत उठते आहे आणि समोर ढीग आहे. शेठ रात्री दहानंतर ढिगावर चढायचे आणि उतरायचे. एका साइटच्या वॉचमनने त्यांना पकडलं. वाळूचोर असावा हा त्याचा संशय रास्त होता, पण याच्याजवळ ना घमेलं ना टेम्पो. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "सेठ, ये रेती भी नहीं है. पत्थर का चूरा है." हल्ली खरी वाळू परवडते कोणाला? सगळीकडे क्रश सँड. म्हणजे शेठचा सराव चालला होता तो खडीच्या भुकटीवर, आणि पुढे जे झालं ते पाहता हीच गोष्ट त्यांना तारून गेली.

मग गेटर. घोट्याभोवती बांधायचं हे कापडी आवरण बुटात खडे जाऊ देत नाही. परदेशी जोडाची किंमत ऐकून शेठनी तो मागवला नाही, फक्त एका मित्राचा आणून उलटासुलटा करून पाहिला. "इसमें है क्या? दो सिलाई, एक इलास्टिक." दुसऱ्या दिवशी कारागिराने डेनिमचे गेटर तयार केले. एक जोड नव्हे, अख्खा लॉट. कारण उल्हासनगरात एक नग काढत नाहीत. आतल्या बाजूला बारीक लेबलही होतं: मेड इन यूएसए. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद गावाइतकाच जुना आहे आणि तो सांगण्याचा पहिला मान सिंध्यांचाच.

तिसरे भिडू अंबरनाथचे काका. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. नोकरीभर भोंग्यावर जगल्यामुळे त्यांना आठचं म्हटलं की पावणेआठ कळतं. शर्यतीत रस्ता दाखवायला माणसं नसतात, जीपीएसच्या यंत्रावर बघत स्वतःच वाट काढायची असते, हे कळल्यावर काकांना घेणं अटळ झालं. यंत्र म्हटलं की काका आधी मॅन्युअल वाचतात. मॅन्युअल वाचणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

बदलापूरहून कच्छला जाताना सर्वात अवघड टप्पा दादरचा. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे ही दोन स्वतंत्र राष्ट्रं असून दादरचा पूल ही त्यांची सीमा आहे. ती सामानासह ओलांडून, बोरिवलीला भुजची गाडी धरून, सकाळी भचाऊला उतरलो. तिथून जीपने रापर, बालासर. बालासरच्या पुढे रस्ता रणात शिरतो आणि दोन्ही बाजूंना पांढरं सुरू होतं. इतकं पांढरं, की काकांनी गॉगल काढून पुसला. पावसाळ्यात इथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी पसरतं, मग ते वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. मधोमध उंचावलेलं खडीर हे खरोखरचं बेट, फक्त त्याच्याभोवती वर्षातला बराच काळ समुद्राऐवजी मीठ असतं. शेठ जीपमधून उतरून त्या मिठावर उभे राहिले. वरचा थर पापडासारखा मोडला आणि बूट खालच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत गेला.

शेठनी चारी दिशांना पाहिलं. "भाऊ, रेती किधर है?"

रेती नव्हती. मीठ होतं, चिखल होता, दगड होते, कडे होते आणि वेडी बाभूळ होती. रण पुढे सरकू नये म्हणून या बाभळीची लागवड झाली. आता तिलाच कसं थांबवायचं, या विवंचनेत कच्छ आहे. तिचा काटा बुटाच्या तळव्यातून वर येतो. डेनिमच्या गेटरवर मात्र तो अडकला आणि मोडला. 'यूएसए'च्या मालाबद्दल मी तेव्हापासून आदराने बोलतो.

जीपवाला आणि शेठ एव्हाना गप्पांत रंगले होते. मला वाटलं जुनी ओळख निघाली. तसं काही नव्हतं. कच्छी आणि सिंधी या सख्ख्या शेजारणी. घरात अम्मांशी बोलायची भाषा शेठ इथे चहाच्या टपरीवर, पंक्चरवाल्याशी, बकऱ्या हाकणाऱ्या पोराशी बोलत होते आणि ती सगळ्यांना समजत होती. उत्तरेला रण, रणाच्या पलीकडे सिंध. कॅम्प चारमध्ये शेठ रोज हिंदीत धंदा करतात, मराठीत महापालिकेशी भांडतात. इथे मात्र ते भाव न करता चहाचे पैसे देऊन मोकळे झाले. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे मी प्रथमच पाहिलं.

सकाळी शर्यत सुटली. छातीला नंबर, डोक्याला दिवा, गळ्यात शिटी. संकटात वाजवायची. ती ऐकायला त्या पसाऱ्यात कोण असणार, हे काकांनी विचारलं. उत्तर मॅन्युअलमध्ये नव्हतं. शंभरएक पावलं सगळे एका दिशेने पळाले आणि मग आपापल्या यंत्रात बघून पांगले. शेठ दिसेनासे होईपर्यंत आम्ही हात हलवला. मग काका म्हणाले, "आता उद्या पहाटेपर्यंत आपल्याला काम नाही. चला, गाव बघू."

गाव म्हणजे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं. धोळावीराची जागा १९६० च्या दशकात जगत्पती जोशींनी शोधली आणि १९९० च्या सुमारास रवींद्रसिंह बिश्त यांनी तिथे मोठं उत्खनन सुरू केलं. काकांना जुन्या वास्तूंचा अभिमान आहे, मुख्यतः स्वतःच्या गावातल्या. गाइडने तोंड उघडण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या अंबरनाथला शिलाहारांचं शिवमंदिर आहे. शके ९८२. म्हणजे सन १०६०!"

गाइडने क्षणभर विचार केला. "अच्छा," तो म्हणाला, "नया है."

त्यानंतर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजापाशी दहा अक्षरांची पाटी सापडली, तिथे ते थांबले. पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांची, प्रत्येकी हातभर उंचीची अक्षरं, लाकडी फळीवर बसवलेली. फळी कुजून गेली, अक्षरं राहिली. काय लिहिलं आहे ते अजून कोणाला वाचता आलेलं नाही. काकांचा तर्क असा की इतक्या मोठ्या अक्षरात प्रवेशद्वारावर लिहिण्यासारखी सूचना एकच असते: 'परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे.' आयुष्यभर फॅक्टरीच्या गेटातून गेलेल्या माणसाचा हा तर्क. लिपितज्ज्ञांनी विचारात घ्यायला हरकत नाही.

बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी लांबलचक मोकळं मैदान आहे, कडेला पायऱ्यापायऱ्यांच्या बैठका. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला स्टेडियम म्हटलं आहे. मी तिथे बसलो. पाच हजार वर्षांपूर्वी समोर कोण पळत होतं, कोण जिंकलं, याचा पुरावा नाही. बघणाऱ्यांच्या बैठका मात्र शाबूत आहेत. इतिहासाने कोणाची सोय जपून ठेवली, ते उघडच आहे.

पण खरं बघण्यासारखं आहे ते पाणी, म्हणजे पाण्याची जागा. मानसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही फक्त पावसाळी. पाऊस जेमतेम. तेवढ्यावर या लोकांनी बांध घालून ओढे वळवले आणि शहराभोवती सोळा-एक टाकी खोदली. काही बांधीव, काही खडकात कोरलेली. पूर्वेकडचं टाकं त्र्याहत्तर मीटर लांब आणि दहा मीटर खोल आहे. आत उतरायला पायऱ्या. एका टाक्यातून दुसऱ्यात पाणी जायला वाट. मी त्या पायरीवर उभा राहून बदलापूरचा विचार केला. आमच्याकडे जुलैत इतकं पाणी येतं की २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. आणि मेमध्ये त्याच बदलापुरात बायका टँकरपुढे हंडे लावतात. पुढे धोळावीराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो नेमका २७ जुलैलाच, २०२१ साली. युनेस्कोच्या मनात आम्हाला टोमणा मारायचा होता असं मी म्हणणार नाही, पण लागला.

रणातली रात्र फार थंड. बदलापूरकरांना थंडीचा भारी अभिमान. पारा दहावर आला की आम्ही ते वर्तमानपत्रापर्यंत पोचवतो. इथे वारा मिठावरून अडथळ्याशिवाय येतो आणि माकडटोपी शोधतो. काकांनी ती आधीच घातली होती, कारण त्यांची यादी फॅक्टरीच्या पद्धतीची होती. शेकोटीशी गावातला एक म्हातारा येऊन बसला. दूर काळोखात डोक्याला दिवे लावलेले धावपटू दिसत होते: एक इकडे, दोन तिकडे, एक उलटाच चाललेला. कच्छात रात्री गवताळ माळावर आपोआप हलणारे दिवे दिसतात, त्यांना चिरबत्ती म्हणतात. भुतांचे, असं लोक म्हणतात. म्हाताऱ्याने विडी पेटवली आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. त्याने आम्हाला हिंदीत सांगितलं: "बाबा बोलते हैं, पहले वाले भूत अच्छे थे. रास्ता नहीं पूछते थे."

शेठ उजाडता उजाडता आले. पळत नव्हते, चालतही नव्हते. त्या दोहोंच्या मधली एक गती असते, ती फक्त अल्ट्रावाल्यांना आणि वारीच्या शेवटच्या मुक्कामाला येते. अम्मांनी बांधून दिलेल्या कोक्या संपल्या होत्या. परदेशी एनर्जी जेलची पाकिटं खिशात जशीच्या तशी. कोकी म्हणजे कांदा घालून जाड लाटलेली, डाग पडेपर्यंत भाजलेली रोटी. प्रवासात टिकते म्हणून फाळणीच्या वेळीही पदरात हीच होती. मेडल गळ्यात पडलं. शेठ खाली बसले, हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवं. त्यांना मोबाइल हवा होता. सुरतच्या पार्टीचं पेमेंट आलं की नाही ते बघायला.

काका म्हणाले, "शेठ, धोळावीरा काय बघण्यासारखं आहे!"

शेठ म्हणाले, "वो कौन से चेकपॉइंट पे था?"

दुसऱ्या दिवसापासून शेठना पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्यामुळे फिरणं जीपने. भुज, खावडा करून काळ्या डुंगराला गेलो. कच्छातला हा सर्वात उंच डोंगर, आणि माथ्यावर कोण? दत्तमहाराज! गाणगापूर, नरसोबाची वाडी सोडून महाराज इतक्या दूर मिठाच्या काठावर बसलेले पाहून काकांना गहिवरून आलं. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री. इथे पुजारी प्रसादाचा भात ओट्यावर ठेवून कोल्ह्यांना बोलावतो आणि कोल्हे येतात. आले की शांतपणे खाऊन जातात. अंबरनाथच्या भंडाऱ्यात इतकी शिस्त काकांनी पाहिली नव्हती.

गांधीधामला थांबणं मात्र अम्मांच्या हुकमाने होतं. शेठचे चुलते तिथले. फाळणीनंतर या घराण्याचे दोन तुकडे झाले: एक भाऊ कल्याणच्या छावणीत, दुसरा कच्छात. भाई प्रताप डियालदास यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली, गांधीजींच्या शब्दावर कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली आणि कांडला बंदराजवळ सिंध्यांचं नवं शहर आखलं गेलं. उल्हासनगर मिळेल त्या बराकीत बसलं. गांधीधाम नकाशा काढून बसलं. दोघांपैकी कोणाचं बरोबर, हा वाद तेव्हापासून चालू आहे. २००१ च्या भूकंपात तिकडची घरं पडली तेव्हा, सगळ्यांची खुशाली कळेपर्यंत, तो थांबला होता. २००५ च्या जुलैत उल्हासनगर पाण्यात गेलं, तेव्हा फोन तिकडून आला.

चुलत्यांच्या घरी आधी पाणी आणि पापड, मग दाल-पकवान, मग शेठच्या पायांचं सामुदायिक निरीक्षण. संध्याकाळी त्यांनी आम्हाला शेजारच्या आदिपूरला नेलं. आदिपूरला चार्ली सर्कल नावाची मंडळी आहेत. दर वर्षी १६ एप्रिलला, चार्ली चॅप्लिनच्या वाढदिवशी, गावातली माणसं, पोरं, बाया काळी टोपी, चिकटवलेली मिशी आणि काठी घेऊन त्याच्यासारखे पाय फेकत मिरवणूक काढतात, केक कापतात. सगळं सोडून आलेल्यांच्या गावाने दैवत निवडलं ते फाटक्या कोटातल्या भटक्याला. शेठ त्या रस्त्यावरून चालले, तेव्हा दोन्ही पावलं बाहेर, गुडघे न वाकवता, हातात काकांची काठी. एका दुकानदाराने गल्ल्यावरून वाकून पाहिलं आणि शेठच्या चुलत्यांना विचारलं, "एप्रिल तो अभी दूर है ना?"

परत आल्यावर अम्मांनी मेडल हातात घेतलं, वजन अजमावलं आणि टीव्हीवर ठेवून दिलं. रण कसं होतं, किती लागलं, कितवा आलास, काही नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "उधर अभी गज का क्या भाव है?"

शेठनी चुलत्यांच्या गल्लीतला भाव सांगितला. अम्मा बोटांच्या पेरांवर हिशेब करू लागल्या. शेठ अपराधी चेहऱ्याने उभे. हिशेब दुसऱ्या हातावर गेला तेव्हा मीही जरा सावरून बसलो.

"उधर लोकल है?" अम्मांनी विचारलं.

"नहीं, अम्मा."

"फिर?" म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.